पुष्पवृष्टीचं विमान

इंजिन कधी खोटं बोलत नाही. हे वाक्य मी हवाई दलात भरती झाल्यावर पहिल्याच आठवड्यात ऐकलं आणि पुढची वीस वर्षं नव्या पोरांना गंभीर चेहऱ्यानं ऐकवलं. वाक्य खरं आहे. अडचण एवढीच, की ते म्हणणाऱ्याचं तोंड त्या वेळी चालू असतं आणि इंजिन काय सांगतंय ते ऐकायचं राहून जातं.

निवृत्त होऊन मी गावाकडं आलो, तेव्हा आमच्या भागात माजी सैनिकाला दोनच कामं होती. एक बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसण्याचं आणि दुसरं घरी बसून उसाला पाणी पाजण्याचं. मला तिसरं मिळालं. आमच्या साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांनी चार माणसं बसतील असं एक जुनं, एका इंजिनाचं विमान घेतलं होतं. नदीपलीकडच्या कारखान्याच्या चेअरमननी मुलाच्या लग्नात हेलिकॉप्टर भाड्यानं आणलं, त्याला हे उत्तर होतं. कागदोपत्री मात्र ‘ग्रामीण युवकांना हवाई प्रशिक्षण’ असा उद्देश होता. तालुक्याला एक जुनी धावपट्टी होती. तिच्यावर पहाटे मधुमेहाचे लोक चालायचे आणि दुपारी पोरं मोटरसायकल शिकायची. तिच्या कडेला कारखान्यानं पत्र्याचं हँगर उभं केलं. पहिल्या दोन वर्षांत हवाई प्रशिक्षण एकाच ग्रामीण युवकाला मिळालं. तो साहेबांचा नातू होता आणि मागच्या सीटवर ओकला.

विमानाची देखभाल माझ्याकडं होती. माझ्याकडं त्याचा परवाना होता, त्यामुळं उड्डाणाआधी ‘विमान उडण्यास योग्य आहे’ या ओळीखाली माझी सही लागायची. ती नसेल तर कायद्यानं विमान जागचं हलत नव्हतं. जिल्ह्यात इतकं वजन असलेली दुसरी सही फक्त प्रांतसाहेबांची असावी, असं मी मनाशी धरून होतो. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही, पण खिशाला पेन मात्र दोन लावायचो.

विमान उडवायला विट्याची एक मुलगी होती. वडिलांचं दक्षिणेत कुठंतरी सोनं गाळायचं दुकान, विट्यातल्या निम्म्या घरांचं असतं तसं. मुलीनं हट्टानं वैमानिकाचं शिक्षण घेतलं होतं आणि मोठ्या कंपनीचं बोलावणं येईपर्यंत उड्डाणाचे तास जमवायला ती आमच्याकडं आली होती. मला काका म्हणायची. कमी बोलायची आणि जे बोलायची ते एकदाच. कारखान्याच्या परिसरात ही सवय इतर कुणाला नव्हती.

तर त्या वर्षी चेअरमनसाहेब बिनविरोध निवडून आले. विरोधी अर्ज शेवटच्या दिवशी छाननीत बाद झाले, हा योगायोग मागच्या तीन निवडणुकांत होत आला आहे. गुरुवारी निकाल जाहीर झाला आणि साहेबांनी विमानातून कार्यक्षेत्रावर एक चक्कर मारायचं ठरवलं. चक्कर झाली, विमान उतरलं, हँगरकडं आलं. तिथं हलग्या, फटाके आणि माती भरायचा एक पिवळा लोडर उभा होता. लोडरच्या बादलीत माती नव्हती, गुलाल होता. आमच्याकडं हल्ली गुलाल मुठीनं उधळणं गरिबीचं लक्षण मानतात.

मुलीनं गर्दी बघितली आणि इंजिन चालूच ठेवलं. तिचा हिशेब असा, की पंखा फिरत असेपर्यंत माणसं जवळ येणार नाहीत. हिशेब बरोबर होता. माणसं आली नाहीत. लोडरनंच लांबून हात उंचावला आणि अख्खी बादली विमानाच्या नाकावर उपडी केली. पंख्यानं तो गुलाल घेऊन जे काही केलं, त्यानंतर बराच वेळ कुणाला कुणी दिसत नव्हतं. त्या ढगातून साहेब हात जोडून बाहेर आले. मागून मुलगी आली. तिचे फक्त डोळे ओळखू येत होते आणि ते माझ्याकडं बघत होते.

“काका, हे धुवायला लागेल,” ती म्हणाली.

शुक्रवारी मी ते धुतलं. विमानाला डाग राहू द्यायचा नाही, हे माझ्या नोकरीतलं पहिलं शिक्षण. शेतातल्या मोटरीचा पाइप जोडला, पंखावरून, शेपटावरून, नाकावरून पाणी सोडलं. समोर हवा आत घ्यायचं जे तोंड असतं त्यात गुलाल दिसत होता, तिथं जरा जास्तच वेळ पाइप धरला. संध्याकाळी विमान इतकं पांढरं दिसत होतं की मी एक फोटो काढून जुन्या सोबत्यांना पाठवला. सगळ्यांनी अंगठे पाठवले.

रविवारी दहाला मोठा कार्यक्रम होता. कारखान्याचे संस्थापक, म्हणजे साहेबांचे वडील दादा, यांच्या पुतळ्याचं अनावरण. मंत्री येणार होते. ते पडदा ओढतील त्या क्षणी साहेब स्वतः विमानातून वडिलांच्या पुतळ्यावर झेंडू आणि गुलाबाच्या पाकळ्या सोडणार, अशी पत्रिका छापून झाली होती. मागच्या सीटवर पोती धरायला साहेबांचा पीए बसणार होता. हा माणूस साहेबांच्या मागं नेहमी दोन पावलं असायचा, आता उंचीवरही तसाच राहणार होता.

एवढं वजन घेऊन विमान उडवायचं तर आधी आकडे लागतात. पीएनं साहेबांचं वजन कागदावर अडुसष्ट किलो लिहून दिलं. मी साहेबांकडं बघितलं, मग कागदाकडं बघितलं आणि म्हणालो की मोजावं लागेल. साधा काटा जवळ नव्हता, म्हणून साहेब उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर उभे राहिले. आकडा आला सत्तर. काटा कमी दाखवतो ही शेतकऱ्यांची तक्रार मी बरीच वर्षं ऐकत होतो. त्या दिवशी ती मला पटली. मी माझ्या अंदाजानं शंभरच्या पुढं आकडा धरला आणि तेवढ्या हिशेबानं शनिवारी सकाळी चाचणी घ्यायची ठरवली. साहेबांच्या जागी मी बसलो. मागं पीए, फुलं, आणि साहेब नि मी यांच्यातला फरक, या सगळ्यांच्या बदली साखरेची दोन पोती.

इंजिन चालू झालं ते अगदी शांत, शिवणयंत्रासारखं. हळू चालवताना काही तक्रार नाही. पट्टीच्या टोकाला जाऊन मुलीनं पूर्ण ताकद दिली आणि विमान थरथरलं. आवाज तुटायला लागला. भर उतारावरून चढाला लागलेला उसाचा ट्रॅक्टर जसा मध्येच घुटमळतो, तसा. निम्मी पट्टी संपली तरी वेग येईना. तिनं ताकद काढून घेतली, ब्रेक लावले, विमान पट्टीवरच थांबलं. कडेला चालणारे दोन मधुमेही थांबून बघत होते.

“पूर्ण ताकद दिली की आडतंय,” ती म्हणाली. “कमीवर काही नाही. काका, उद्या पट्टीच्या त्या टोकाला विजेच्या तारा आहेत आणि पुढं मांडव.”

एवढंच बोलली. तेवढं पुरेसं होतं. पट्टीच्या टोकाला तारा, तारांपुढं पाच-सहा हजार माणसांचा मांडव, आणि विमान वर नेणारी ही विट्याची पोरगी.

पीएचा फोन वाऱ्यासारखा फिरला. तासाभरात हँगरमध्ये संचालक मंडळाचा कोरम पूर्ण होईल इतकी माणसं जमली. आमच्या भागात प्रत्येक माणूस जड ओझ्याखालच्या इंजिनाचा जाणकार असतो. दोन ट्रॉल्या ऊस भरून कारखान्याचा चढ चढलेला माणूस कुठल्याही इंजिनापुढं बिचकत नाही. पेट्रोलपंप असलेले संचालक म्हणाले, तेलात पाणी असणार. दुसरे म्हणाले, पोती काढा, आपोआप चालतंय. मी त्यांना समजावलं की पोती काढली तरी इंजिनाला पूर्ण ताकद तेवढीच द्यावी लागते. ते म्हणाले, “आवं, मग साहेबांनाच काढा की.” नंतर त्यांनी आजूबाजूला बघितलं आणि आपण काहीच बोललो नाही असं चेहऱ्यावर आणलं.

अकराच्या सुमाराला पीएनं उंब्रजहून एक मिस्त्री आणला. कारखान्याच्या ट्रॅक्टरांचं सगळं काम तोच करायचा. पन्नाशीचा, बुटका, कपाळावर चष्मा चढवलेला. तो विमानाभोवती एकदा फिरला, धूर निघायच्या नळीत बोट घातलं, काळं झालेलं बोट बघितलं.

“धूर काळा टाकतंय का?”

“पूर्ण ताकदीवर थोडा,” मुलगी म्हणाली.

“मग दम कोंडलाय त्याचा. फौजी, फिल्टर झाडला का?”

मी त्याच्याकडं जरा दयेनं बघितलं. ट्रॅक्टरच्या माणसाला पहिली आणि शेवटची गोष्ट हीच सुचते. हवेचा फिल्टर काढायचा, दगडावर दोनदा आपटायचा, परत बसवायचा.

“मिस्त्री, हे विमान आहे,” मी म्हणालो.

“व्हय, दिसतंय की,” तो म्हणाला आणि सावलीत जाऊन तंबाखू मळत बसला.

मग मी पद्धतशीर काम सुरू केलं. पद्धतशीर हा शब्द मी त्या दिवशी मोठ्यानं तीनदा वापरला, असं मुलगी नंतर म्हणाली. टाकीतलं इंधन काचेच्या नळीत काढून बघितलं. पाण्याचा थेंब नव्हता. विमानाच्या इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्रणा दोन असतात, एक गेली तरी दुसरीवर चालावं म्हणून. दोन्ही आलटून पालटून बंद करून बघितल्या. दोन्ही ठीक. आठही प्लग काढले. आठही काजळीनं काळे. साफ केले, बसवले, इंजिन चालवलं. परत तेच. आठ प्लग एका वेळी काळे होतात ते इंजिनाला इंधन जास्त आणि हवा कमी मिळते तेव्हा. हे मी पोरांना फळ्यावर लिहून शिकवलेलं होतं. त्या दिवशी मी काजळी पुसली आणि पुढच्या मुद्द्यावर गेलो.

दुपारी तीनला साहेब आले. मागं दोन पावलांवर पीए.

“काय फौजी, झालं का न्हाई?”

“बघतोय साहेब.”

“बघू नका, करा. उद्या मंत्री हायत. पलीकडची माणसं दुर्बीण घेऊन बसणार हायत, ठावं हाय ना?”

मी त्यांना कार्बोरेटर, ठिणगी आणि मिश्रणाचं प्रमाण यांवर पाच मिनिटं समजावलं. त्यांनी मान हलवली. सभेत अहवालवाचन चालू असतं तेव्हा ते अशीच मान हलवतात. माझं संपलं तेव्हा मुलगी खिडकीतून डोकं काढून म्हणाली, “काका, एक बघा.”

तिनं इंजिन चालू करून पूर्ण ताकद दिली, ते अडखळायला लागलं. मग तिनं समोरचा एक दांडा ओढला. थंडीत कार्बोरेटरमध्ये बर्फ धरू नये म्हणून त्याला गरम हवा देण्याचा तो दांडा असतो. तो ओढला की इंजिनाची ताकद थोडी कमी होते, हे पहिल्या दिवशी शिकवतात. इथं उलटं झालं. थरथर कमी झाली, आवाज जुळला, पंख्याचे फेरे वाढले. दांडा आत ढकलला, परत अडखळायला लागलं.

गरम हवा त्या इंजिनात वेगळ्या वाटेनं येते. ती फिल्टरमधून येत नाही.

सावलीत बसलेल्या मिस्त्रीनं वर बघितलं नाही. चुना लावत होता.

मी चार स्क्रू सोडले आणि फिल्टर बाहेर काढला. कागदाच्या घड्यांचा तो चौकोन असतो, नवा असताना पांढरट. बाहेर आलं ते गुलाबी वड्यांचं ताट होतं. गुरुवारी पंख्यानं आत ओढलेला गुलाल, त्यावर शुक्रवारी मी मन लावून सोडलेलं पाणी, आणि रात्रभरात वाळून बसलेला थर. बोटानं टोकरला तर टणक लागला. हळू चालताना इंजिनाला हवा थोडी लागते, ती कशीबशी मिळत होती. पूर्ण ताकदीला हवा जास्त लागते, तेव्हा त्याचा जीव घुसमटत होता. सकाळपासून ते दर वेळी हेच सांगत होतं.

गुलाल साहेबांचा होता, पाणी माझं होतं. मी फक्त गुलालाचा उल्लेख केला.

मिस्त्री उठून आला, फिल्टर हातात घेतला, उलटा केला. “लय झ्याक बसलाय,” तो म्हणाला. “नुसता सुका असता तर झाडून निघाला असता. ह्याला पाणी कुणी पाजलं?”

मुलीनं माझ्याकडं बघितलं नाही. हे तिचे उपकार मी विसरलेलो नाही.

साहेबांना मात्र आनंद झाला. “एवढंच व्हय? मग धुवा आणि बसवा.”

“कागद आहे साहेब. धुतला की फाटतो, आणि फाटलेला तुकडा इंजिनात जातो. नवाच लागेल. पुण्याला नाही, बंगळुरूहून येईल. मंगळवारी.”

“ट्रॅक्टरचा बसवा.”

“बसत न्हाई,” मिस्त्री माझ्याआधी म्हणाला. “माप येगळं हाय.”

“मग बिनफिल्टरचं उडवा. दहा मिनिटांचा तर विषय.”

मिस्त्रीनं तंबाखू थुंकली. “साहेब, तिथं मांडवाला माती टाकून रोलर फिरवलाय. उद्या वर पाकळ्या, खाली धुरळा. मी तुमचा ट्रॅक्टर बिनफिल्टरचा बांधावर नेत न्हाई, आन् ह्यात तर तुमी बसणार.”

साहेबांनी वैमानिकेकडं बघितलं. “पायलटबाई, तुमी सांगा. उडतंय का न्हाई?”

“काकांनी सही केली तर उडवीन,” ती म्हणाली.

तिनं हे ना धाडसानं म्हटलं, ना भीतीनं. तिच्या कामात हा नियमच होता. यंत्राचं मी सांगायचं आणि तिनं माझ्यावर विश्वास ठेवून वर जायचं. माझ्या सहीचं वजन मी इतकी वर्षं खिशात दोन पेनं लावून मिरवत होतो. ते वजन किती किलो भरतं हे मला त्या क्षणी कळलं. साधारण विट्याच्या त्या मुलीएवढं.

पीएनं लॉगबुक उघडून माझ्यापुढं धरलं. पेनही त्यानंच माझ्या खिशातलं काढून दिलं.

“साहेब,” मी म्हणालो, “सही मी करणार नाही. पण मालक तुम्ही आहात. ‘फिल्टर नाही हे माहीत असून विमान माझ्या आदेशानं उडवलं जात आहे आणि मी त्यात बसत आहे’ असं दोन ओळी लिहून तुम्ही सही करा. कागद मी वर हवाई खात्याला पाठवून देतो, परवानगी मिळाली तर उडवू.”

साहेब दिवसाला शंभरेक सह्या करायचे आणि एकही कागद वाचायचे नाहीत. पीएनं त्या दोन ओळी लिहून कागद पुढं केल्यावर त्यांनी पेन घेतलं. मग पहिल्यांदाच पीएला म्हणाले, “काय लिवलंय, जरा वाच.”

पीएनं वाचलं. ‘मी त्यात बसत आहे’ इथं त्याचा आवाज उतरला, कारण मागच्या सीटवर तो होता.

“पीएंना पुढं बसवू,” साहेब म्हणाले. “पाकळ्या ते टाकतील.”

“साहेब, माझं वजन लय हाय,” पीए म्हणाला. तो पंचावन्न किलोचा असेल.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन स्वतःच्या खिशात घातलं. ते माझं होतं, पण ती वेळ मागायची नव्हती.

“ऐका,” ते संचालकांकडं वळून म्हणाले, “दादांचा पुतळा महत्त्वाचा. विमान हा दिखावा झाला. दादांना दिखावा आवडत नव्हता.”

सगळ्यांनी माना हलवल्या. दादांचा पुतळा बावीस फुटी होता.

रविवारी दहाच्या कार्यक्रमाला मंत्री साडेबाराला आले. पडदा ओढला. पुतळ्यामागून तोच पिवळा लोडर पुढं आला, त्यानं हात जाईल तेवढा उंच केला आणि बादली हळूहळू उपडी केली. झेंडू बरोबर पडला. गुलाबाच्या पाकळ्या आदल्या दिवसापासून पोत्यात असल्यानं गठ्ठ्यानं पडल्या, एक मंत्र्यांच्या खांद्यावर. ध्वनिक्षेपकावरचा निवेदक पत्रिकेप्रमाणे म्हणाला, “आणि आता आकाशातून पुष्पवृष्टी होत आहे.” लोकांनी वर बघितलं, आकाश होतंच.

मुलगी माझ्याशेजारी उभी होती. ती म्हणाली, “काका, लोडरवाला चांगला आहे. वारा बघून टाकतोय.”

मिस्त्री म्हणाला, “त्याचा फिल्टर मीच काल बदलला. त्याच्यात बी गुलाल व्हता.”

सोमवारी पेपरात पहिल्या पानावर बातमी आली, ‘विमानातून संस्थापकांच्या पुतळ्यावर पुष्पवृष्टी, चेअरमन भावुक’. पीएनं ती शुक्रवारीच देऊन ठेवली होती. आठवडाभर माणसं मला भेटून विमान किती खालून गेलं ते सांगत होती. पलीकडच्या कारखान्याचे एक संचालक तर म्हणाले की आवाजानं त्यांची म्हैस बिथरली. मी सुरुवातीला खुलासा करायचो, नंतर सोडून दिलं. विट्याहून मुलीच्या आईचाही फोन आला, पेपर बघून. मुलगी तिला “व्हय आई, बरी हाय” एवढंच म्हणाली.

पुढच्या मासिक सभेत पुष्पवृष्टीचं यशस्वी उड्डाण केल्याबद्दल वैमानिकेचं आणि माझं अभिनंदन करणारा ठराव एकमतानं मंजूर झाला. त्याची प्रत मला मिळाली. ती लॉगबुकात ठेवली आहे, त्याच पानात. त्या पानावर रविवारच्या तारखेपुढं उड्डाणाचा वेळ शून्य तास, शून्य मिनिटं असा लिहिलेला आहे, आणि खाली सही माझी आहे.